बेलोरा ते बिरसी, सरळ रेषेत

काही माणसांपुढे एखाद्या गावाचं नाव काढलं की ती तिथल्या पाहुण्याची चौकशी करतात. काहींना तिथला समोसा आठवतो. आर्वीचे मोजणीभाऊ अंतर सांगतात, आणि तेही सरळ रेषेत. "उद्या यवतमाळला चाललो, भाऊ," असं कुणी सहज बोलून गेलं, तर भाऊ डोळे किलकिले करतात, ओठातल्या ओठात काही पुटपुटतात आणि निकाल देतात, "सदुसष्ट किलोमीटर. इमानानं आठ मिनिटं." ज्याला एसटीची वाट पाहत अजून पाऊण तास उभं राहायचं आहे, त्यानं या आठ मिनिटांचं काय करावं? तो "हो का" म्हणतो. भाऊंना तेवढी पावती पुरते.

मोजणीभाऊ हे त्यांचं नाव नव्हे. भूमी अभिलेखात भूकरमापक म्हणून ते नोकरीभर राबले, आणि आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी त्यांना हेच नाव दिलं. मूळ नाव आता पेन्शनच्या कागदावर आणि लग्नपत्रिकेवर, एवढंच उरलं आहे. शंकू-साखळी, मोजणीचा फळा आणि मग उपग्रहाशी बोलणारा रोव्हर, असे तिन्ही जमाने त्यांनी पाहिले. पण साधन कोणतंही असो, शेतात भांडण एकाच गोष्टीचं: धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं. धुऱ्यावरच्या बोरीपायी सख्खे भाऊ कोर्टात गेलेले त्यांनी पाहिले. रात्रीतून हद्दीचा दगड दीड हात सरकलेला पाहिला, आणि सकाळी दोन्हीकडच्यांनी तो आपापल्या डोळ्यांदेखत जन्मापासून तिथंच असल्याची शपथ घेतलेलीही ऐकली. मोजणीदाराला गावात कुणी जवळ करत नाही. मोजणी झाली की एक जण नाराज होतो. ती अगदी बिनचूक झाली तर दोघंही होतात.

त्यामुळे निवृत्तीनंतर भाऊंनी मान वर केली यात मला नवल वाटत नाही. "वरते धुरा नाई, बाप्पा," ते म्हणतात. "दगड नाई, बोर नाई, कोनी कुऱ्हाड घेऊन येत नाई. इकून तिकून लाइन मारा, मोजा, झालं."

आर्वीच्या आभाळातून विमानं जातात भरपूर. भारताच्या मधोमध पडलेल्या या मुलखावरून दिल्ली-हैदराबाद आणि मुंबई-कोलकाता जाणाऱ्यांची रांग लागलेली असते. थांबत एकही नाही. पुण्याच्या मुलानं भाऊंना फोन घेऊन दिला, त्यात दोन ठिकाणांवर बोट ठेवलं की मधलं अंतर उमटतं. दुसरा कुणी असता तर तेवढ्यावर खूश झाला असता. पण दुसऱ्याच्या मोजणीवर विश्वास ठेवायची सवय भाऊंना नोकरीत लागलीच नव्हती. त्यांनी वही उघडली. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 111 किलोमीटर, तो कुठंही जा, जवळपास तेवढाच. रेखांशाचा एक अंश मात्र विषुववृत्तावर 111 आणि आर्वीला 104. "सात किलोमीटर कुठी गेले?" हा प्रश्न ते शाळेतून घरी जाणाऱ्या पोरांना अडवून विचारतात. पोरं दोन घरांचा वळसा घालून जायला लागली, तेव्हा भाऊंनी त्याचंही अंतर काढलं.

हे सात किलोमीटर कुठं जातात ते समजून घ्यायचं असेल तर संत्र्याच्या हंगामात यावं. भाऊ बाजारात संत्र्याच्या ढिगापुढे उभे राहतात, त्यातलं गोल गरगरीत फळ निवडतात आणि देठापासून खालपर्यंत नखानं रेघा ओढतात. रेघा मधे लांब-लांब, देठाशी एकत्र. मग खिशातून दोरा निघतो. तो दोन टोकांवर ताणून धरला की आपोआप सगळ्यात जवळचा रस्ता धरतो. विमानं लांबच्या प्रवासाला याच रस्त्यानं जातात, म्हणून नकाशावर त्यांची वाट वाकडी दिसते. व्याख्यान उत्तम असतं. विक्रेत्याचा आक्षेप एवढाच, की रेघा ओढलेलं संत्रं भाऊ परत ढिगात ठेवतात.

एकदा मोजायची खोड लागली की माणूस इतिहास-पुराणालाही सोडत नाही. आर्वीहून नदी ओलांडली की पलीकडे कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. द्वारकेहून निघालेला कृष्ण एका रात्रीत विदर्भात पोचला असं भागवतात आहे. भाऊंनी द्वारका ते कौंडण्यपूर सरळ रेषेत साडेनऊशे किलोमीटर मोजले, रात्रीचे बारा तास धरले आणि रथाचा वेग काढला ताशी ऐंशी. कीर्तनकार बुवांना त्यांनी हे भर मंडपात सांगितलं. बुवा म्हणाले, देवाच्या रथाला वेगाचं काय बंधन? "तेच तं म्हनतो," भाऊ म्हणाले, "देव असून ऐंशीच? आपल्या समृद्धीवर एकशेवीस हाये." समृद्धी महामार्ग आर्वी तालुक्यातून जातो, हे भाऊंच्या दृष्टीनं त्या कथेतलं मोठं न्यून. तो डिसेंबर 2022 ऐवजी जरा आधी खुला झाला असता तर रुक्मीला पाठलाग करायलाही सवड मिळाली नसती.

गांधीजींबद्दल भाऊंना अपार आदर आहे, त्याचंही कारण मोजणीतलंच. 30 एप्रिल 1936 ला गांधीजी वर्ध्याहून सेगावला राहायला गेले ते पायी, पाचेक मैल. अंतर आणि वेळ दोन्ही स्वतःच्या पायांनी मोजणारा माणूस भाऊंना मान्य. पुढे सेगावचं टपाल शेगावला जाऊ लागलं म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं, हे वर्धा जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण ती चुकलेली पत्रं सरळ रेषेत 205 किलोमीटर चुकत होती, हे फक्त भाऊंना ठाऊक. ते तुम्ही न विचारता सांगतील.

अशी सगळी तयारी झालेली असताना 16 एप्रिल 2025 उजाडला. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. अलायन्स एअरचं एटीआर 72, दोन पंख्यांचं, सत्तरेक माणसांचं; सुरुवातीला सोमवार, बुधवार, शुक्रवार. मुख्यमंत्र्यांपासून केंद्रीय मंत्र्यांपर्यंत सगळे बेलोऱ्याला होते. भाऊ आपल्या गच्चीवर होते. पश्चिमेकडे तोंड करून, हातात दुर्बीण, शेजारी वही. आर्वीहून बेलोरा सरळ रेषेत 57 किलोमीटर. वहिनींनी जिन्यातून विचारलं, "काई दिसलं काय?"

"दिसाचं नाई. पन आलं असंल."

त्या दिवसापासून भाऊंचं स्वास्थ्य हरवलं. मुंबई ते बेलोरा सरळ रेषेत 540 किलोमीटर. एटीआरचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. भागाकार कुणालाही येतो: पासष्ट मिनिटं. आणि वेळापत्रकात एक तास पंचेचाळीस! मधली चाळीस मिनिटं कुणाच्या खिशात गेली? भाऊंना यात सरळसरळ अतिक्रमणाचा वास आला. त्यांनी नोकरीतला सगळा अनुभव पणाला लावून तपास केला, आणि त्यातून जे बाहेर आलं ते खरोखर ऐकण्याजोगं आहे.

विमानाची वेळ हवेत मोजत नाहीत. चाकांपुढचे ठोकळे काढले तिथून घड्याळ सुरू होतं आणि पोचल्या गावी ठोकळे लावले की थांबतं. म्हणजे मुंबईला धावपट्टीपर्यंत रांगत जायचं, तिथं आपल्या नंबराची वाट पाहायची, उडाल्यावर वर चढताना वेग कमी, उतरताना वेग कमी, मुंबईकडे परत येताना आधीच्या विमानांना जागा होईपर्यंत घिरट्या. सरळ रेघ ही फक्त दोन गावांची. विमानाला वारा बघून कधी उलट्या टोकानं उतरावं लागतं, आणि त्यासाठी वळसा. शिवाय उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला धावपट्टी जास्त लागते. बेलोऱ्याची धावपट्टी 1,850 मीटर. हे सगळं जमेला धरून कंपनी वेळ देते, वर दहा-पाच मिनिटं स्वतःच्या अब्रूसाठी ठेवते. "म्हंजे चाळीसातली तीस मुंबईची हायेत," भाऊंनी निवाडा दिला. "बेलोऱ्याचा काई दोष नाई." मुंबईबद्दलचं विदर्भाचं जुनं मत या मोजणीनं पक्कं झालं.

हे तत्त्व हाती आल्यावर भाऊ मोकळे सुटले. मुंबईला जाणाऱ्या विमानाचं वेळापत्रक छापील मिळतं, त्यात काय मजा? खरी मोजणी दोन लहान विमानतळांच्या मधली. तिथं ना रांग, ना घिरट्या. आणि विदर्भात धावपट्ट्या काही कमी नाहीत. नागपूरचं सोनेगाव तर आहेच. 1949 पासून तिथं मध्यरात्री दिल्ली, मुंबई, कोलकाता, मद्रास अशा चारी दिशांची टपालाची विमानं एकत्र येत आणि पिशव्या अदलाबदल करून पहाटेपूर्वी परत जात, ही गोष्ट सांगताना भाऊंचा आवाज घोगरा होतो. त्याखेरीज अमरावतीचं बेलोरा, अकोल्याचं शिवणी, यवतमाळ, चंद्रपूरचं मोरवा आणि गोंदियाचं बिरसी. सहा धावपट्ट्या, म्हणजे पंधरा जोड्या. भाऊंच्या वहीत पंधराही मार्गांचं वेळापत्रक आहे, जाण्याचं वेगळं आणि येण्याचं वेगळं, कारण हिवाळ्यात वर वारा पश्चिमेचा असतो आणि पूर्वेकडे जाताना दोन-तीन मिनिटं वाचतात. शिवणी-बेलोरा तर अगदी जवळ, सत्तर किलोमीटर. विमान चढायला लागलं की उतरायचंच. या पंधरापैकी एकाही मार्गाचं तिकीट कुठं मिळत नाही. पण त्यामुळे भाऊंचं एकही विमान आजवर रद्द झालेलं नाही, आणि आपल्याकडच्या हवाई वाहतुकीत असं म्हणता येईल असा दुसरा माणूस मला माहीत नाही.

यावर हसणं सोपं आहे, मीही हसतो. पण जरा आजूबाजूला बघा. शिवणीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. ती लांबवायची म्हणून किती वर्षं कागद फिरले. बिरसीही युद्धात इंग्रजांनी बांधलेलं. तिथं वैमानिक घडवणारी शाळा आहे, पोरं दिवसभर भिरभिरत असतात, पण प्रवाशांसाठी मार्च 2022 मध्ये इंदूर-गोंदिया-हैदराबाद विमान वाजतगाजत सुरू झालं आणि काही महिन्यांत गेलं. मग डिसेंबर 2023 पासून हैदराबादला जाणारं दुसरं आलं. 'उडान' योजनेत तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची मर्यादा घातली, पण ती मर्यादा भाड्याला होती. विमान किती दिवस टिकेल याची हमी कशी देणार? आणि आर्वीचं तर विचारूच नका. पुलगाव ते आर्वी पस्तीस किलोमीटरची अरुंद रुळांची शकुंतला होती, तीही बंद पडली. ज्या गावाची असलेली रेल्वे गेली, त्या गावातला माणूस नसलेल्या विमानाचं वेळापत्रक करतो. हिशोबानं बघितलं तर हे नुकसान भरून काढणंच झालं.

पंधरा मार्गांत भाऊंचा लाडका एकच. बेलोरा ते बिरसी. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली, पेन्सिलीनं रेघ मारली, आणि हात थांबला. रेघ आर्वीवरून जात होती. अगदी डोक्यावरून नव्हे, तीन किलोमीटर इकडेतिकडे. पण धुऱ्याचा दीड हात मोजणाऱ्या माणसानं ते तीन किलोमीटर मोठ्या मनानं सोडून दिले. पुढे तीच रेघ नागपूरच्या डोक्यावरून गोंदियाला. एकूण 278 किलोमीटर. सागरी मैलांत बरोबर दीडशे! आर्वीत समुद्र कुणी रोज बघत नाही, पण भाऊंनी दीडशे सागरी मैल हा आकडा गावात इतका फिरवला की न्हाव्याच्या दुकानातही तो ऐकू यायला लागला. जुन्या हातांना कळावं म्हणून तेहतीस फुटी साखळीतही काढून ठेवला: साडेसत्तावीस हजारांवर साखळ्या. वेळ? हवेतली तेहतीस मिनिटं, चढ-उताराची दहा, जमिनीवर रांगायची सात. पन्नास मिनिटं, ठोकळ्यापासून ठोकळ्यापर्यंत.

मार्ग ठरला की थांबे आले, थांबे आले की सांकेतिक नावं. बेलोऱ्याला एव्हीआर मिळालंय, बिरसीला जीडीबी. आर्वीला उद्या विमानतळ झालाच तर एआरव्ही हवं, हे उघड आहे. भाऊंनी शोधलं तर ते नाव अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेकलँड नावाच्या एका छोट्या विमानतळानं आधीच घेतलेलं. भाऊ दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. सात समुद्रांपलीकडून धुरा सरकवणारा माणूस त्यांना नोकरीत भेटला नव्हता. "हरकत नोंदवता येते काय?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, लेकलँडचा तलाठी कोण ते बघावं लागेल.

हे सगळं वहीत राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण वहिनींच्या बहिणीच्या मुलाचं लग्न निघालं, आणि ते गोंदियाला.

वहिनींबद्दल सांगायला हवं. त्या अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. घरातून निघाल्यापासून मांडवात पाणी मिळेपर्यंत किती वेळ गेला, हेच त्यांचं माप. भाऊ त्याला अशास्त्रीय म्हणतात. मला विचाराल तर विमान कंपन्यांनी वेळापत्रक काढण्याआधी एकदा वहिनींकडे येऊन बसावं.

भाऊंनी लग्नाला जाण्याची क-प्रत तयार केली. म्हणजे कालनिर्णयच्या जुन्या पानामागे नकाशा, हद्दीच्या खुणा, उत्तर दिशेचा बाण आणि खाली सही. पर्याय पहिला: बेलोरा-बिरसी, 278 किलोमीटर, पन्नास मिनिटं. शेरा: विमान उपलब्ध नाही. पर्याय दुसरा: बेलोरा ते मुंबई 540, मुंबई ते हैदराबाद 620, हैदराबाद ते बिरसी सव्वापाचशेला थोडे कमी. बेरीज 1,680 किलोमीटर, मधे मुंबईत एक मुक्काम. 278 किलोमीटरवरच्या गावाला सहापट लांबून, अरबी समुद्राचं दर्शन घेऊन जायचं.

"मंग लगन मुंबईतच लावा म्हना," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी पहिल्या पर्यायाची बाजू लावून धरली. आज नसलं तरी उद्या विमान निघेल, तेव्हा आपलं आरक्षण पहिलं. वहिनींनी भाजी निवडता निवडता हिशोब मांडला. घरून बसस्टँड. एसटीनं अमरावती, दोन तास धरा. तिथून ऑटोनं बेलोरा, पाऊण तास. विमानाच्या तासभर तरी आधी पोचा म्हणतात. मग तुमची पन्नास मिनिटं. मग सामान येईपर्यंत उभं राहा. मग बिरसीहून गोंदियाची गाडी शोधा. सहा तास झाले. रेल्वेनं पण तेवढेच होतात. "आन रेल्वेत भाकर खाता येते."

"पन गंमत कशी हाये," भाऊ गहिवरून म्हणाले, "उडाल्यावर धाव्या मिनिटाले इमान आपल्या घरावरून जाते! खाली पाह्यलं तं आपली गच्ची."

वहिनींचे हात थांबले. गोंदिया पूर्वेला. बेलोरा पश्चिमेला. म्हणजे पूर्वेला जाण्यासाठी आधी पश्चिमेला 57 किलोमीटर जायचं, पैसे द्यायचे आणि आपल्याच घरावरून परत यायचं.

"मंग गच्चीवरूनच चढतो नं," त्या म्हणाल्या.

भाऊंनी याचं उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी त्यांना गच्चीवर टेप धरताना पाहिलं. गच्ची बारा मीटर भरली. बेलोऱ्याला 1,850.

शेवटी मंडळी पुलगावहून रेल्वेनं गेली, जशी आर्वीची माणसं गोंदियाला जातात तशी. कोल्हापूरहून निघून आख्खा महाराष्ट्र पालथा घालत गोंदियाला टेकणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस याच रुळावरून जाते. भाऊंना खिडकी मिळाली. खिडकीचा त्यांना उपयोग नसतो. मुलानं एकदा नागपूरहून पुण्याला विमानानं नेलं होतं, तेव्हाही खिडकीच होती. भाऊंनी ठोकळे काढल्याची वेळ लिहिली, चाक उचलल्याची लिहिली, ढगात शिरल्याची लिहिली, आणि गोदावरी खालून गेली तेव्हा ते मागच्या दोन नोंदींची वजाबाकी करत होते. हवाई सुंदरीनं पाणी दिलं तिची वेळही वहीत आहे. रेल्वेतही तेच चाललं. वर्ध्याला किती मिनिटं, बुटीबोरीपाशी सिग्नलला किती, नागपूरला किती. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं, रेल्वेत नोकरीला होते का? "नाई," भाऊ म्हणाले, "मी वरचा हाये." गृहस्थ जरा सरकून बसले.

लग्न थाटात झालं. भाऊ अक्षता टाकण्यापुरते होते, जेवणाच्या पंगतीत नव्हते. नवऱ्या मुलाच्या चुलतभावाची मोटारसायकल आणि तो चुलतभाऊ यांना घेऊन ते बिरसीला गेले होते. विमानतळाच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी फोनवर अक्षांश-रेखांश घेतले, वहीतल्या आकड्याशी ताडले आणि समाधानानं मान हलवली. हातात फोन, काखेत वही आणि डोक्यावर लग्नाचा फेटा असा माणूस फाटकाजवळ घुटमळताना पाहून सुरक्षारक्षक पुढे आला. पुढचा संवाद चुलतभावानं मांडवात इतक्यांदा करून दाखवला, की आता तो दोन्ही घराण्यांना पाठ आहे.

"कुठं जायचंय काका?"

"जायचं नाई. आलो."

"कुठून?"

"बेलोऱ्याहून आलो, असं समजा."

"तिकडून विमान आहे?"

"नाई."

"मग?"

"पन्नास मिनिटं लागते," भाऊ म्हणाले. "तुमाले माहीत असलेलं बरं. उद्या सुरू झालं तं कोनी पंच्याहत्तर सांगितले तं ऐकू नका."

रक्षकानं वही पाहायला मागितली. भाऊंनी ती आनंदानं दिली. आयुष्यात प्रथमच कुणीतरी अधिकारानं त्यांची मोजणी तपासत होतं. रक्षकानं पानं उलटली, 278 खाली दोनदा रेघ मारलेली पाहिली आणि वही परत केली. काढून टाकावं असं त्यात काही नव्हतं आणि ठेवून घ्यावं असंही. भाऊंच्या मते ती मोजणी तिथं मंजूर झाली. त्यांनी वहीत तारीख आणि वेळ लिहून "बिरसी येथे समक्ष दाखवली" असा शेरा मारला आहे.

परत येताना वहिनींनी डब्यातली पुरी त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं, "झालं समाधान?" भाऊ खिडकीतून वर बघत होते. उलट दिशेला वारा समोरचा असतो, त्यामुळे येताना त्रेपन्न मिनिटं लागतील, असं त्यांचं मत पडलं. पुरी त्यांनी घेतली.

सध्या त्यांचं लक्ष कोकणाकडे गेलं आहे. सिंधुदुर्गाला चिपीचा विमानतळ झाल्यापासून बिरसी ते चिपी ही राज्याची सगळ्यात लांब तिरकी रेघ त्यांना खुणावते आहे. काम मोठं आहे, आणि नवी वही लागणार आहे.

तुम्हाला कधी आर्वीला यायचं झालं तर पुलगावला उतरा; तिथून एसटी मिळते. भाऊ संध्याकाळी बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर असतात. बोलायला गोड आहेत, चहाचे पैसे दुसऱ्याला देऊ देत नाहीत. फक्त आपलं गाव सांगताना जरा बेतानं सांगा. आणि तुमच्या गावाला विमानतळ असेल, तर त्या दिवशीची शेवटची बस किती वाजता आहे ते आधी विचारून ठेवा.